दहावीनंतर आयटीआय: ट्रेड कसा निवडायचा, मोबाईलवरून अर्ज कसा करायचा आणि फसवणूक कशी ओळखायची?



दहावीचा निकाल लागला की आमच्या धावड्यात (ता. भोकरदन, जि. जालना) व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज फिरायला लागतात. पहिला म्हणजे गुणपत्रिकेच्या फोटोसकट 'हार्दिक अभिनंदन'. दुसरा असा: "फक्त ३ महिन्यांत सरकारमान्य कोर्स, १०० टक्के नोकरीची हमी, आजच कॉल करा."

ज्यांना पंचाऐंशी-नव्वद टक्के पडतात त्यांचा रस्ता घरच्यांनी आधीच ठरवलेला असतो. अडचण असते ती पन्नास-साठ टक्केवाल्यांची. अकरावी सायन्स झेपेल का, माहीत नाही. घर कापूस-मक्यावर चालतं, त्यामुळे मोठी फी भरता येत नाही. आणि वाळूजला ठेकेदाराकडं हेल्पर म्हणून गेलेला मित्र फोन करून सांगतो, "चल ना, पुढच्या महिन्यापासून पगार सुरू."

आजचा लेख या मुलामुलींसाठी आहे. व्यवसाय प्रशिक्षण म्हणजे काय, त्याचा खरा फायदा कुठं आहे, हातातल्या मोबाईलवरून अर्ज कसा करायचा आणि त्या दुसऱ्या मेसेजपासून कसं वाचायचं, हे सगळं पाहू. लेख थोडा मोठा आहे, पण पूर्ण वाचा.

व्यवसाय प्रशिक्षण म्हणजे नेमकं काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर, एखादं काम हातानं करता येईपर्यंत शिकवणारं आणि ते येतं याचा सरकारमान्य पुरावा देणारं शिक्षण. आपल्याकडं त्याचा सगळ्यात मोठा मार्ग म्हणजे आयटीआय, म्हणजेच औद्योगिक प्रशिक्षण संस्था. ज्या योजनेखाली आयटीआय चालतात ती शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली. महाराष्ट्रात आज चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत, खासगी वेगळ्या.

प्रवेशासाठी किमान वय १४ वर्षं लागतं. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे ट्रेड दहावी पासवर आहेत. संगणकाचा 'कोपा' ट्रेड, डिझेल मेकॅनिक, सोलर टेक्निशियन हे एक वर्षाचे. आणि वेल्डर, वायरमन, प्लंबर, शिवणकाम यांसारख्या काही ट्रेडला आठवी पासही चालतं. म्हणजे दहावी नापास झाला म्हणून सगळं संपलं, असं अजिबात नाही.

आता एक आकडा बघा. २०२२ पासूनच्या अभ्यासक्रमात बहुतेक ट्रेडसाठी वर्षाला १२०० तास ठरवलेले आहेत. पहिल्या वर्षी त्यातले ८४० तास प्रात्यक्षिकाचे, २४० तास थिअरीचे आणि १२० तास रोजगारक्षम कौशल्यांचे, म्हणजे संवाद, मुलाखत, संगणकाची ओळख वगैरे. शिवाय १५० तास प्रत्यक्ष कामाच्या जागी किंवा प्रोजेक्टवर. म्हणजे शंभरातले सत्तर तास हातात पकड, पाना नाहीतर मल्टिमीटर. शाळेत प्रयोगवही बघून लिहिणाऱ्या मुलाला हा फरक पहिल्याच आठवड्यात जाणवतो.

"यूट्यूबवर सगळं शिकता येतं की!"

हे वाक्य मला दर दोन दिवसांनी कुणीतरी ऐकवतं. मी स्वतः टेक्नॉलॉजीवर लिहितो, त्यामुळे मोबाईलवरून शिकण्याच्या विरोधात असायचं काही कारण नाही. पण कुठपर्यंत शिकता येतं, हे एका उदाहरणानं सांगतो.

आपल्या भागात आता शेताशेतांत सौर पंप दिसतात. केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ ची, आणि राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' त्यानंतरची. शेतकऱ्यानं १० टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं ५ टक्के. पाच वर्षं देखभालीची जबाबदारी पुरवठादार कंपनीची. जालना जिल्हा हे पंप बसवण्यात राज्यात आघाडीच्या जिल्ह्यांत आहे.

आता समजा, मिरचीला पाणी द्यायचंय आणि पंप चालत नाही. पोरगं यूट्यूब उघडतं आणि पॅनेलखाली जाऊन वायरी ओढायला लागतं. इथं काय होऊ शकतं ते समजून घ्या.

एका पॅनेलचं व्होल्टेज साधारण ४० ते ५० असतं. अशी बारा पॅनेल एकामागं एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडली की व्होल्टेज पाचशे-सहाशेच्या घरात जातं. घरातल्या बोर्डात असतं २३०. दुसरी गोष्ट अशी, की घरातली वीज एसी असते. ती सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, त्यामुळे वायर सुटताना उडालेली ठिणगी विझायला मदत होते. पॅनेलची वीज डीसी असते, ती शून्यावर येतच नाही. चालू लोडवर कनेक्टर ओढला तर ठिणगीची ज्वाला होते आणि ती टिकून राहते. हात भाजतो, कनेक्टर वितळतो. आणि तिसरी गोष्ट, ऊन असेपर्यंत पॅनेलला 'बंद' करता येत नाही. पंपाचा स्विच पाडला तरी पॅनेलपासून स्विचपर्यंतची वायर जिवंतच असते.

हे तिन्ही मुद्दे व्हिडिओतही कळतील. पण आधी आयसोलेटर पाडायचा, मग मीटरची रेंज डीसीवर ठेवायची, प्रोब कुठं टेकवायचे, कंट्रोलरवरचा एरर कोड वाचायचा, आणि हे सगळं दर वेळी त्याच क्रमानं करायचं, ही सवय वर्कशॉपमध्ये निदेशकांच्या (आयटीआयमधल्या सरांच्या) नजरेखाली वीस-पंचवीस वेळा केल्यावरच अंगात मुरते. पोहण्याचा व्हिडिओ बघून विहिरीत उडी मारत नाहीत, तसंच हे.

आणि यातच संधीही आहे. कंपन्यांना तालुक्यात दुरुस्तीला माणसं लागतात. पाच वर्षांची मुदत संपल्यावर तर हे सगळे पंप गावातल्याच कुणाकडं तरी येणार. तो 'कुणीतरी' आज दहावीत असेल.

हेल्पर आणि ॲप्रेंटिस: खरा फरक इथं आहे

वाळूज, शेंद्रा, जालन्याच्या स्टील कंपन्या, इथं आपल्याकडची मुलं पिढ्यान् पिढ्या जातात. प्रश्न जायचं की नाही हा नाही. कुठल्या दारातून आत जायचं, हा आहे.

ठेकेदारामार्फत हेल्पर म्हणून गेलात तर पैसे लगेच मिळतात, हे खरं आहे. पण पाच वर्षांनी तुमच्याकडं दाखवायला कागद नसतो. ठेकेदार बदलला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मशीन चालवायला शिकलात तरी पगारपत्रकावर 'हेल्पर'च.

ॲप्रेंटिस म्हणजे शिकाऊ उमेदवार. त्यासाठी देशात १९६१ पासून स्वतंत्र कायदा आहे. कंपनीशी लेखी करार होतो आणि त्याची सरकारी पोर्टलवर नोंद होते. प्रशिक्षणात दुखापत झाली तर कायद्यानं भरपाईची तरतूद आहे. किमान वय १४, आणि धोकादायक उद्योगांत १८. शेवटी परीक्षा पास झालात की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं.

विद्यावेतन किती? २०१९ च्या नियमांनी ठरलेली महिन्याची किमान रक्कम अशी:

- पाचवी ते नववी: ५,००० रुपये
- दहावी पास: ६,००० रुपये
- आयटीआय पास: ७,००० रुपये
- डिप्लोमा: ८,००० रुपये
- पदवी: ९,००० रुपये

ही किमान रक्कम आहे, कंपनी जास्त देऊ शकते. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत (२०१६) केंद्र सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, उचलतं आणि तो थेट तुमच्या खात्यात येतो. म्हणून बँक खातं आधारला जोडलेलं ठेवा.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर सात हजारांत संभाजीनगरात खोली, मेस आणि बसभाडं भागवणं अवघड आहे. हेल्परला त्याहून जास्त मिळत असेल, तर घरचे म्हणणारच, "बाळा, यात काय परवडतं?" त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. पण हिशोब एका वर्षाचा न करता दहा वर्षांचा करा. महावितरणची विद्युत सहायक भरती, रेल्वेची टेक्निशियन आणि असिस्टंट लोको पायलट भरती, इस्रोची टेक्निशियन पदं, या सगळ्या जाहिरातींत आयटीआयचं प्रमाणपत्र मागतात. हेल्परच्या अनुभवाला तिथं रकानाच नाही.

ट्रेड कसा निवडायचा?

मित्रानं घेतला म्हणून ट्रेड घेऊ नका. तीन प्रश्न विचारा.

१. माझ्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये तो आहे का? रोज एसटीनं भोकरदनला जाऊन-येऊन जमेल, की जालना किंवा संभाजीनगरला राहावं लागेल? विद्यार्थ्यांना एसटीचा सवलतीचा पास मिळतो. राहायचं असेल तर वसतिगृहाची चौकशी आधी करा. कुठल्या संस्थेत कुठला ट्रेड आणि किती जागा, हे प्रवेश पोर्टलवर दिसतं.

२. काम कुठं मिळणार? गावातच राहायचं असेल तर इलेक्ट्रिशियन, वायरमन, सोलर टेक्निशियन, डिझेल मेकॅनिक, वेल्डर. कंपनीत जायचं असेल तर फिटर, टर्नर, मशिनिस्ट. बिडकीनच्या ऑरिकमध्ये टोयोटा किर्लोस्कर आणि एथर एनर्जी या दोन्ही कंपन्यांनी २०२४ मध्ये कारखान्यांची घोषणा केली आहे. म्हणजे पुढच्या काही वर्षांत गाड्या बनवणारे आणि इलेक्ट्रिक गाड्या समजणारे हात लागणार.

३. मला कुठलं काम करताना वेळ कळत नाही? मोटार उघडून बसणारा मुलगा कोपाला कंटाळेल. कॉम्प्युटरवर रमणारी मुलगी कदाचित फिटरला कंटाळेल. पण 'मुलीनं फिटर करू नये' हे मात्र खरं नाही. शासकीय आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, आणि मोठ्या कारखान्यांत आज मुली असेंब्ली लाईनवर काम करतात. मुलींना घरून "शिवणकाम घे" असं सांगितलं जातं. ते आवडत असेल तर जरूर घ्या. फक्त जवळ आहे म्हणून घेऊ नका.

आणखी एक पर्याय सांगून ठेवतो. संभाजीनगरला चिकलठाणा एमआयडीसीत केंद्र सरकारचं इंडो-जर्मन टूल रूम आहे. तिथं दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा करता येतो. फी आयटीआयपेक्षा जास्त आहे, पण साचे बनवण्याचं काम शिकलेल्या माणसाला मागणी चांगली असते.

मोबाईलवरून अर्ज: स्टेप बाय स्टेप

सगळे शासकीय आणि खासगी आयटीआयचे केंद्रीय प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या, म्हणजे डीव्हीईटीच्या पोर्टलवरून होतात.

१. निकालाच्या आधीच कागदपत्रं गोळा करा: आधार, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रीमीलेयर, उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला. सेतूवर जूनमध्ये रांग लागते, त्यामुळे दाखले एप्रिलमध्येच काढा.

२. कागदपत्रं सरळ पकडून, दिवसाच्या उजेडात स्कॅन करा. फोटोची साईज केबीमध्ये सांगितलेली असते, ती पाळा.

३. पोर्टलवर नोंदणी करा. मोबाईल नंबर स्वतःचा किंवा आईवडिलांचा द्या. नेट कॅफेवाल्याचा देऊ नका, कारण पुढचे सगळे ओटीपी त्यावर येतात. युजर आयडी आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा.

४. अर्ज भरून शुल्क भरा. मग मूळ कागदपत्रं घेऊन जवळच्या आयटीआयमध्ये अर्ज निश्चित करून घ्या. बरेच जण ही पायरी विसरतात. निश्चित न केलेला अर्ज गुणवत्ता यादीत येत नाही.

५. यानंतर पसंतीक्रम भरा. ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते, नाही घेतली तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिल्या क्रमांकावर तेच टाका जे मिळालं तर आनंदानं घ्याल.

६. प्राथमिक यादीत नाव, गुण, प्रवर्ग तपासा. चूक असेल तर हरकतीची मुदत असते, तेवढ्यातच दुरुस्ती होते.

तारखा आणि शुल्क दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेत असतात. ती पीडीएफ पोर्टलवर मिळते आणि मराठीत असते. व्हॉट्सॲपवर आलेल्या 'वेळापत्रका'वर विसंबू नका.

आयटीआयच्या विद्यार्थ्यांना महिन्याला फक्त ४० रुपये विद्यावेतन मिळायचं. २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ते ५०० रुपये करायचा निर्णय घेतला. मोठी रक्कम नाही, पण एसटी पासाला हातभार लागतो.

'१०० टक्के नोकरी' वाला मेसेज कसा तपासायचा?

- पत्ता बघा. सरकारी पोर्टलच्या पत्त्याच्या शेवटी 'डॉट गव्ह डॉट इन' किंवा 'डॉट निक डॉट इन' असतं. 'गव्ह' हा शब्द मधेच कुठंतरी असणं पुरेसं नाही, तो शेवटी लागतो.
- नाव शोधा. संस्था आणि ट्रेड, दोन्ही डीव्हीईटीच्या यादीत आहेत का? कधी संस्था खरी असते, पण जाहिरात केलेला ट्रेड तिच्याकडं मंजूरच नसतो.
- हजेरी विचारा. आयटीआयच्या परीक्षेला बसायला किमान ८० टक्के हजेरी लागते. "यायची गरज नाही, प्रमाणपत्र घरपोच" असं कुणी म्हणालं की तिथंच संवाद संपवा.
- प्रमाणपत्र कोण देतं? खऱ्या आयटीआयचं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या प्रशिक्षण महासंचालनालयाचं (डीजीटी) असतं आणि ते डिजिलॉकरवर येतं. फक्त संस्थेचा गोल शिक्का असलेला रंगीत कागद भरतीत चालत नाही.
- पैसे कुठं जातात? कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआय आयडीवर 'सीट बुकिंग'चे पैसे पाठवू नका. केंद्रीय प्रवेशात सीट बुकिंग नावाचा प्रकारच नाही.

मोबाईलचा खरा उपयोग

प्रवेश मिळाला की फोन बाजूला ठेवा, असं मी म्हणणार नाही. केंद्र सरकारच्या 'भारत स्किल्स' पोर्टलवर ट्रेडनुसार पुस्तकं, व्हिडिओ आणि प्रश्नसंच मोफत आहेत. थिअरीची परीक्षा संगणकावर होते, त्यामुळे निमी या संस्थेच्या मॉक टेस्ट सोडवून सराव करा. 'स्किल इंडिया डिजिटल हब'वर कोर्स आणि शिकाऊ उमेदवारीच्या जागा शोधता येतात.

आणि एक माझी आवडती युक्ती. वर्कशॉपमध्ये केलेल्या प्रत्येक जॉबचा (आयटीआयमध्ये सरावाला बनवतात त्या वस्तूला जॉबच म्हणतात) सरांना विचारून फोटो काढा. एक फोल्डर करा, तारीख आणि वापरलेलं माप लिहा. दोन वर्षांनी मुलाखतीत "काय येतं?" असं विचारलं तर तोंडानं सांगण्याऐवजी फोल्डर उघडा.

मग पुढचं शिक्षण बंद होतं का?

नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे फिटरपासून इंजिनिअरपर्यंत जिना आहे, फक्त तो मागच्या बाजूनं आहे. दोन वर्षांच्या ट्रेडसोबत राज्य मंडळाचे ठरावीक विषय दिले तर बारावीची समकक्षताही मिळते. त्याची चौकशी प्रवेशाच्या वेळीच संस्थेत करा.

शाळेतच सुरुवात झाली तर?

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. ते स्वतः शास्त्रज्ञ होते, पण त्यांचं म्हणणं साधं होतं: मूल हातानं काम करताना जास्त चांगलं शिकतं. तिथं एकाच मुलाला वेल्डिंग, वीज, शेती-पशुपालन आणि आरोग्य-अन्नप्रक्रिया असं सगळं थोडं थोडं शिकवतात. हाच अभ्यासक्रम पुढे राज्यातल्या अनेक शाळांत आठवी ते दहावीसाठी गेला. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या पहिल्या फॅब लॅबपैकी एक याच गावात उभी राहिली. खेड्यातली पोरं कॉम्प्युटरवर डिझाईन काढून मशीनवर वस्तू कापायला लागली.

देशाचं चित्र मात्र अजून वेगळं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेचा (२०१२-१७) अंदाज दिला आहे. त्यानुसार भारतात १९ ते २४ वयाच्या काम करणाऱ्यांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेले ५ टक्क्यांहूनही कमी होते. जर्मनीत ७५ टक्के, दक्षिण कोरियात ९६ टक्के. तिथं फिटर व्हायला कुणी लाजत नाही, हाही त्यातला एक भाग आहे.

दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या

पहिली, आयटीआय म्हणजे नोकरीची हमी नाही. शिकाऊ उमेदवारी संपल्यावर कंपनीनं कायम करावंच, अशी कायद्यात सक्ती नाही. दुसरी, सगळ्या आयटीआय सारख्या नाहीत. काही ठिकाणी मशीन जुनी, काही ठिकाणी निदेशकांची पदं रिकामी. म्हणून पसंतीक्रम भरण्याआधी एकदा प्रत्यक्ष जा. वर्कशॉपमध्ये डोकवा. मशीनवर धूळ आहे की ताज्या लोखंडाचा कीस, एवढं बघितलं तरी बरंच कळतं. तिथल्या सीनियर मुलांना विचारा, "दादा, प्रात्यक्षिक खरंच होतं का?" ते खरं सांगतात.

ज्यांची दहावी यंदा आहे त्यांनी या रविवारी एवढंच करा: दाखल्यांची यादी फोनच्या नोट्समध्ये लिहा, आधार बँक खात्याला जोडलंय का ते तपासा, आणि आईवडिलांसोबत बसून हेल्परचं एक वर्ष आणि आयटीआयनंतरची दहा वर्षं, असा हिशोब कागदावर मांडा. आणि गावातल्या ग्रुपवर तो '१०० टक्के नोकरी' वाला मेसेज पुन्हा आला, तर त्याच्याखाली हा लेख टाका. कुणाच्या तरी घरातले मिरचीचे पैसे वाचतील.